मागे राहिलेल्यांचा डबा

विजयाबाई पहिल्यांदा आमच्या वॉर्डात आल्या तेव्हा त्यांनी आजाऱ्यांकडे ढुंकूनसुद्धा बघितलं नाही. इस्पितळात येणारा कुठलाही मोठा माणूस आधी एखाद्या खाटेजवळ थांबतो, आजाऱ्याच्या कपाळावर हात ठेवतो, सोबत फोटोवाला असला तर जरा जास्तच वेळ ठेवतो. या बाई सरळ माझ्यापाशी आल्या, माझ्या सुजलेल्या पायांकडे त्यांनी बघितलं आणि विचारलं, "सकाळपासून एकदा तरी बसलीस का गं?"

मला रडूच कोसळलं. नोकरीला लागल्यापासून 'सिस्टर, पाणी', 'सिस्टर, इकडे या', 'सिस्टर कुठं मेली' एवढंच ऐकलेलं. बाईंनी माझं रडणं संपू दिलं आणि मग म्हणाल्या, "आता सांग, या वॉर्डात खाटा किती आणि तुम्ही किती?" अशी आमची ओळख झाली. त्याच दिवशी त्यांनी मेट्रनकडून मला आपल्या पाहणीच्या कामासाठी मागून घेतलं.

हे छप्पन सालातलं. ग्वाल्हेर संस्थान जाऊन मध्यभारत झाला त्याला काही वर्षं झाली होती. आता मध्यभारतही जाणार आणि भोपाळला राजधानी असलेलं मोठं नवं राज्य होणार, असं रोज कानावर येत होतं. कंपू मोहल्ल्यापासून नई सडकेपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय, आपल्या नोकरीचं काय होणार. राज्यं आली काय नि गेली काय, आमची बेडपॅनं तीच, असं आम्ही नर्सा म्हणायचो. पण मनातून आम्हीही घाबरलेल्याच होतो.

विजयाबाई माधवगंजातल्या. त्यांच्या सासरच्यांनी दोन पिढ्या दरबारात फडणिशी केलेली. बाई स्वतः मुंबईला समाजशास्त्र शिकलेल्या, वर विलायतेत वर्षभर राहून तिथल्या इस्पितळांत नर्सांची गणती आणि कामाची वाटणी कशी होते ते बघून आलेल्या. सरकारनं त्यांना ग्वाल्हेरच्या परिचारिकांच्या पाहणीचं प्रमुख नेमलं होतं. इथं नर्सा किती, शिकलेल्या किती, एकेकीवर भार किती, आणि शिकून तयार झालेल्या मुली नोकरी सोडून जातात का, हे सगळं शोधायचं आणि अहवाल लिहायचा. नव्या राज्यात इथं किती जागा ठेवायच्या ते त्या अहवालावर ठरणार होतं. शिवाय बाईंनी भांडून एक हुकूम काढून घेतला होता. पाहणीत जिची नोंद होईल ती नव्या राज्याच्या नोकरीत कायम. हंगामी असो, कशीही असो. जिची नोंद नाही, तिची नोकरी संपली.

हा हुकूम ऐकून सगळ्यांत जास्त आनंद झाला तो शांताताईंना.

शांताताई आमच्या वॉर्डातल्या सगळ्यांत जुन्या. संस्थानाच्या काळात काही विधवांना नर्सिंगचं शिक्षण देऊन धर्मादाय खात्यातून नेमलं होतं. त्यांतल्या सातजणी अजून कामावर होत्या. संस्थान गेलं, धर्मादाय खातं गेलं, या सातजणी मात्र राहिल्या, आणि त्यांना कुठल्या खात्यात घालावं हे कुणालाच सुचेना. मग त्यांचा पगार किरकोळ खर्चात दाखवू लागले. फिनेल, झाडू आणि शांताताई एकाच रकान्यात. इस्पितळाच्या मागं एक खोली मिळालेली, तिथं त्या आणि सातजणींतल्याच दुर्गाबाई राहायच्या.

"एकदा कायम झाले ना सुनंदा, की मला कोणाचं भय नाही," त्या मला म्हणाल्या होत्या. "दीर वाईट नाहीत माझे. पण त्यांच्या घरी मला 'अगं ए' म्हणतात. इथं सिस्टर म्हणतात." त्यांच्या दिरांचं, जयसिंहरावांचं, नई सडकेवर कापडाचं दुकान होतं. तेराव्या वर्षी कपाळ पांढरं झाल्यापासून शिकायला निघेपर्यंत शांताताईंनी त्या घरात चूल आणि जावेची बाळंतपणं याशिवाय काही पाहिलं नव्हतं. नोकरी गेली तर पुन्हा तीच चूल, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

पाहणीचा पहिला प्रयत्न सपशेल फसला. बाईंनी छापील प्रश्न मेट्रनमार्फत, पगारपत्रकावरची नावं बघून वाटले. झाडून सगळ्यांचं उत्तर एकच आलं, 'कोई तकलीफ़ नहीं।' मेट्रन समोर खुर्ची टाकून बसलेली असताना तकलीफ सांगायला कुणाला वेड लागलंय? मग आम्ही घरोघर गेलो. तिथं सासू दाराआड कान लावून. "आमच्या सुनेला काही त्रास नाही हो," एक म्हातारी चहा देता देता म्हणाली, "तिचाच आम्हाला आहे."

एका दुपारी टांग्यातून परतताना बाईंनी विचारलं, "सुनंदा, आपल्या बायका मोकळेपणी बोलतात तरी कुठं?"

"नळावर," मी म्हटलं.

"छे! हळदीकुंकवात!" बाई टांग्यातच सरसावून बसल्या. "चैत्र तोंडावर आलाय. गौर मांडते, सगळ्यांना बोलावते. डाळ, पन्हं, गप्पा. मेट्रन नाही, सासू नाही. साहेबाच्या पुस्तकात ही रीत सापडायची नाही बघ!" त्यांचा चेहरा असा फुलला होता की मलाही हुरूप आला. खोटं कशाला बोलू, मला ती कल्पना झकास वाटली होती.

बोलावणं करायला बाई स्वतः वॉर्डावॉर्डांतून फिरल्या. "सगळ्यांनी यायचं बरं का. एकीनंही मागं राहायचं नाही." त्रावणकोरकडच्या ख्रिश्चन अन्नम्मालाही त्यांनी आग्रहानं सांगितलं. त्यावर घरी त्यांच्या सासूबाईंनी नाक मुरडलं, तेव्हा "पाहणीत भेदभाव चालणार नाही," असं त्यांना ठणकावून आल्या. शांताताई टेबलापाशी पट्ट्यांचं कापड कापत उभ्या होत्या. बाई त्यांच्याही पुढ्यात थांबल्या, "सगळ्यांनी या," म्हणाल्या. शांताताईंनी मान हलवली. बाई पुढं गेल्या.

"ताई, तुमचं काय?" मी हळूच विचारलं.

"माझं काय गं? तू जा, साडी चांगली नेस. सगळ्याजणी निघाल्या तर आजाऱ्यांना कोण बघेल? आम्ही सातजणी आहोत ना."

"पण नाव नोंदायचंय तिथं. मालूम आहे ना तुम्हाला?"

"मालूम आहे. बाई शिकलेल्या आहेत, आमची व्यवस्था वेगळी केलीच असेल त्यांनी."

मला ते पटलं. आमच्या घरी माझ्या विधवा आत्याचं पान पंगतीत नसायचं, आत स्वयंपाकघरात असायचं. पण असायचं. पान वेगळं मांडतात, मांडायचं विसरत नाहीत, अशीच आम्हा सगळ्यांची समजूत. तशीच यांचीही पाहणी वेगळी होईल, असं मी धरून चालले.

हळदीकुंकू मात्र काय रंगलं म्हणून सांगू! झोपाळ्यावर गौर, भोवती मोगरा, कैरीची डाळ, वेलची घातलेलं पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे. अन्नम्मानं हौसेनं कुंकू लावून घेतलं आणि आरशात बघून खुदकन हसली. पहिला पेला पोटात जाईस्तोवर एकतीसच्या एकतीसजणी अवघडलेल्या, मग एकीनं तोंड उघडलं आणि बांध फुटला. वनमाला म्हणाली, बाळंतपणाला गेले की जागा जाते, म्हणून मी सातव्या महिन्यापर्यंत पोट साडीच्या निऱ्यांत लपवलं होतं. एकजण म्हणाली, रात्रपाळी सुटली की अंधारात कंपूतून घरी जायचं, वाटेत लोक नको ते विचारतात, म्हणून नवऱ्यानं नोकरी सोडायला लावली. अन्नम्मा म्हणाली, "घर में सब बोलते हैं, शादी बाद में। पैसा पहले।" आणि पुन्हा हसली, पण तेव्हा कुणी तिच्याबरोबर हसलं नाही.

बाई हळदीच्या बोटांनी लिहीत होत्या. डोळे पुसत होत्या आणि लिहीत होत्या.

उन्हं उतरली तेव्हा त्यांना एकदम आठवलं. "अगं बाई! मागं ड्यूटीवर कोणी असतील ना? किती आहेत?"

"सेव्हन, मॅडम," अन्नम्मा म्हणाली.

"बिचाऱ्या उपाशी राहायला नकोत." बाईंनी स्वतः उठून पितळी कडीचा मोठा डबा काढला, डाळीचे द्रोण त्यात एकावर एक नीट रचले, पन्ह्याची बरणी भरली आणि टांगेवाल्याबरोबर वॉर्डात धाडून दिली. कुणालाही असा हात आखडता न घेता वाढणारी ती बाई होती.

वैशाखात माझं लग्न झालं. सासर उज्जैनचं. लग्न, देवदर्शन, सासूबाईंचं आजारपण असं करत परत यायला पावसाळा उजाडला. नवरा ग्वाल्हेरला पोस्टात होता म्हणून नोकरी टिकली, एवढं नशीब. येईपर्यंत बाईंचा अहवाल छापून गेलासुद्धा होता.

तो अहवाल चांगला होता. आजही कुणी विचारलं तर मी छातीवर हात ठेवून सांगेन. एकेका नर्सच्या अंगावर किती आजारी पडतात, त्यानं किती घोटाळे होतात, मुली लग्नामुळं जात नाहीत तर आपण त्यांना घालवतो म्हणून जातात, हे सगळं त्यात मांडलं होतं. रात्रपाळीला वाहन द्या, बाळंतपणाला रजा द्या, खाटांच्या हिशेबानं जागा वाढवा, असं बाईंनी ठासून लिहिलं होतं. हळदीकुंकवाच्या पद्धतीवर तर वेगळं प्रकरण होतं. त्यात एक वाक्य त्यांनी मेट्रनला उत्तर म्हणून घातलं होतं, कारण सगळ्या नर्सा एकदम गेल्या तर इस्पितळ बंद पडेल असं मेट्रन आधी कुरकुरली होती. वाक्य असं होतं, 'त्या दिवशी सर्व परिचारिका पाहणीसाठी आल्या असूनही रुग्णसेवेत कोणताही खंड पडला नाही.'

कामावर रुजू झाले त्या दिवशी मी शांताताईंना विचारलं, "ताई, तुमची पाहणी झाली ना?"

"अजून बाई आल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "येतील. कामात असतील."

 ड्यूटी संपल्याबरोबर मी माधवगंज गाठलं. बाई अंगणात वेणी घालत बसल्या होत्या.

"बाई, शांताताईंकडे कधी जायचं आपण?"

"कशाला गं?"

"नोंद करायला."

"अगं, नोंद झाली की सगळ्यांची. सगळ्या आल्या होत्या, तूही होतीस ना…" बाई बोलता बोलता थांबल्या. त्यांचा हात वेणीवरून सुटला आणि कपाळावर गेला, कुंकवावर. तो तिथंच राहिला. मला काही सांगावं लागलं नाही.

त्याच पावली आम्ही इस्पितळात आलो. शांताताई एका म्हातारीला कुशीवर वळवत होत्या. बाई आल्या तशा खाटेपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "शांताताई, मी तुम्हाला तोंडानं सांगितलं होतं, सगळ्यांनी या म्हणून!"

"हो बाई. सगळ्यांनाच सांगितलं होतंत."

"मग का नाही आलात?"

शांताताईंनी म्हातारीच्या पाठीशी उशी सरकवली. "हळदीकुंकू होतं ना बाई," त्या म्हणाल्या, लहान मुलीला समजावतात तशा आवाजात.

"मी असलं काही मानत नाही! माझ्याकडे अन्नम्मा आली होती!"

"अन्नम्माची गोष्ट निराळी. तिला सवाष्ण आणि विधवा यातलं काही ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, तुमच्या सासूबाईंना ठाऊक आहे. तुम्ही चांगल्या मनानं बोलावलंत, आम्ही चांगल्या मनानं आलो नाही. भरल्या घरात अपशकुन कशाला?"

बाई स्टुलावर बसल्या. आम्ही नर्सा सगळ्या पांढऱ्या साडीत, आजाऱ्यांना आमच्यात फरक दिसत नसे. फरक फक्त कपाळावर होता, आणि आम्हाला तो इतका सवयीचा की बघूनही दिसत नव्हता. बाईंनी विलायतेत जाऊन गणती करायला शिकून घेतलं, ख्रिश्चन नर्स सुटू नये म्हणून सासूशी भांडण केलं, आणि आपल्याच माणसांपाशी येऊन फसल्या. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, ते असं.

"मी दुरुस्ती करून आणते," बाई म्हणाल्या. "माझाच अहवाल आहे. मी लिहिलं, मी बदलेन."

त्यांना तेव्हा खरंच तसं वाटत होतं. मलाही वाटत होतं. ज्याच्या हातचं काम त्याला ते सुधारता येतं, एवढा साधा हिशेब आम्हाला येत होता.

सेक्रेटेरिएटमध्ये विश्वासराव म्हणून अधिकारी होते, बाईंच्या माहेरच्या ओळखीतले. आम्ही गेलो तेव्हा त्यांच्या खोलीत सुतळीनं बांधलेल्या गठ्ठ्यांचे ढीग आणि बसायला एकच खुर्ची. ती त्यांनी बाईंना दिली. सगळं ऐकून घेतलं, आपल्या हातानं दुरुस्तीचं पत्र लिहून घेतलं आणि ते हातात धरून उभे राहिले.

"विजयाबाई, कागद एकदम बरोबर आहे. पण मी हा पाठवू कोणाला, हे बोला. इकडचं डिपार्टमेंट खतम व्हायला आलं. तिकडचं अजून खुललं नाही. मधे कोणीच नाही."

"अहवाल कुठं आहे मग?"

"भोपाळला गेला. पहिल्या गठ्ठ्यात गेला, तुमच्या कामाची तारीफ झाली ना, म्हणून." विश्वासराव कसनुसे हसले. "माझ्या कुर्सीचं काय होणार, ते मलाच मालूम नाही. रीवाकडचा कोणीतरी माझ्या बराबरीचा निघाला, तर मी त्याच्या हाताखाली." त्यांच्यावर रागावून तरी काय करायचं? त्यांनी आम्हाला दारापर्यंत पोचवलं, आणि पत्र तरीही पाठवतो म्हणाले. पाठवलंही असेल.

ऐन दिवाळीत नवं राज्य झालं, नई सडकेवर पताका लागल्या. आणि इस्पितळाच्या फळ्यावर हुकूम लागला. पाहणीत नोंद झालेल्या सगळ्या कायम. त्यात मी होते, वनमाला होती, अन्नम्मा होती. खाली एका ओळीत, इतरांची सेवा महिनाअखेर समाप्त. अन्नम्मानं कायम झाल्याचे पेढे आणले होते, ते तिनं कुणाला न वाटता तसेच परत नेले.

बाई मला घेऊन भोपाळला गेल्या. तिथं तर सगळा बाजार मांडल्यासारखा कारभार. टेबलं व्हरांड्यात, कपाटं उघड्यावर, नागपूरचे, रीव्याचे, इंदूरचे कारकून एकमेकांना आपापल्या फायली ओळखीच्या वाटतात का विचारत फिरत होते. दोन दिवस आम्ही या टेबलाकडून त्या टेबलाकडे गेलो. बाईंसारखी बाई, जिच्यासाठी ग्वाल्हेरचे कारकून उठून उभे राहत, तिला इथं कुणी ओळखत नव्हतं. शेवटी ज्या साहेबांकडे विषय होता ते भेटले. जबलपूरकडचे होते, सभ्य माणूस. अहवाल त्यांच्या टेबलावरच होता, आणि त्यांनी तो खरंच वाचला होता. ते बघून मला इतकं बरं वाटलं!

"बहुत अच्छी रिपोर्ट है आपकी," ते म्हणाले. बाईंनी घाईघाईनं सांगायला सुरुवात केली. सात नर्सा राहून गेल्यात, जुन्या, शिकलेल्या, सगळ्यांत अनुभवी. साहेबांनी विचारलं, त्या पाहणीला का आल्या नाहीत?

"वह हल्दी-कुंकू था," बाई म्हणाल्या.

"शादी थी?"

बाईंनी समजावून सांगितलं. सवाष्ण म्हणजे काय, चैत्रगौर म्हणजे काय. मी बाजूला उभी राहून ऐकत होते आणि त्या परक्या खोलीत, परक्या भाषेत, आमची ती रीत मला पहिल्यांदा इतकी ओंगळ वाटली. साहेब शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी अहवाल उघडला, एक पान काढलं आणि बाईंपुढं सरकवलं.

"मैडम, यह आपने ही लिखा है न? उस दिन सारी नर्सें आपके यहाँ थीं, और मरीज़ों को कोई दिक़्क़त नहीं हुई।"

"हाँ, क्योंकि वे सात…"

"उन सात का तो इसमें नाम नहीं है।" साहेब दिलगीर होऊन बोलत होते, हे मला मान्य करायला हवं. "ऊपरवाले तो मुझसे पूछ रहे हैं, जब बिना नर्सों के एक दिन अस्पताल चल गया, तो इतनी जगहें क्यों? मैंने बड़ी मुश्किल से आपकी इकतीस बचाई हैं। अब मैं यह फ़ाइल फिर खुलवाऊँ, तो वे भी जाएँगी।"

बाईंनी ते पान मिटून परत सरकवलं. रात्रपाळीचं वाहन, बाळंतपणाची रजा, वाढीव जागा यांचं काय झालं, हे विचारायचं त्यांनी घरून ठरवून आणलं होतं. तेही त्यांनी विचारलं नाही. गेलो होतो सातजणींना वाचवायला, आणि हात दाखवून अवलक्षण व्हायची पाळी. साहेबांनी आम्हाला चहा पाजला. पुढची पाहणी होईल तेव्हा या सातजणींना जरूर घ्या, म्हणाले.

परतीच्या गाडीत बाई खिडकीशी बसून होत्या. झाशी जवळ आली तेव्हा म्हणाल्या, "मला ठाऊकच नव्हतं गं. ठाऊक असतं तर मी एकेकीच्या खोलीवर गेले असते. पण कुणी राहिलंय हेच मला ठाऊक नव्हतं." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

महिनाअखेरीला जयसिंहराव टांगा घेऊन इस्पितळाशी आले. त्यांनी वहिनीची ट्रंक स्वतः उचलली, भल्या माणसासारखी. बायकोचे गुडघे धरलेत, घरात हाताशी माणूस हवंच होतं, असं ते वनमालेला सांगत होते. दुर्गाबाई आदल्या दिवशीच भाच्याकडे गेल्या होत्या. बाकीच्या कुठं कुठं पांगल्या. शांताताईंनी मला वॉर्ड समजावून दिला. कुणाला रात्री पाणी जवळ ठेवायचं, कुणाला सुईची भीती वाटते म्हणून बोलत बोलत टोचायची. मी ऐकत होते आणि मला काही ऐकू येत नव्हतं.

बाई निरोपाला आल्या होत्या. लुगडं आणलं होतं, ते द्यायचं धाडस होईना म्हणून काखेत तसंच धरून उभ्या होत्या. शांताताईंनीच त्यांना वाकून नमस्कार केला. मग कपाटामागं हात घालून एक डबा काढला. पितळी कडीचा, घासून लख्ख केलेला.

"बाई, हा तुमचा. परत करायचा राहूनच गेला होता."

"माझा? कुठला हा?"

"चैत्रातला. त्या दिवशी पाठवला होतात ना, मागं राहिलेल्यांसाठी. डाळ काय सुरेख झाली होती! बरोब्बर सात द्रोण. दुर्गाबाई म्हणाल्या, बघा, बाई आपल्याला विसरल्या नाहीत. आता बोलावणं येईल." त्या हसल्या. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. "येते बाई. सुनंदा, येते गं."

टांगा फाटकातून बाहेर पडला. बाई डबा हातात घेऊन तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी झाकण काढलं. आत मूठभर साखर होती. भांडं रिकामं परत करू नये म्हणून घातलेली.

"सुनंदा," बाई म्हणाल्या, "मी विचारलं होतं गं. किती आहेत म्हणून मी विचारलं होतं."

त्यांनी झाकण पुन्हा लावलं.

"मोजून भरले होते. माझ्या हातांनी."

त्या व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या आणि डबा पोटाशी धरून रडू लागल्या. मी त्यांच्याजवळ बसायला हवं होतं. पण पलीकडच्या वॉर्डातून कुणीतरी सिस्टर, सिस्टर म्हणून हाका मारत होतं, आणि आता तिथंही मीच होते.